शेऱ्याचा रकाना परत द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या गल्लीतल्या आक्का पासबुक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. वय ७२. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये हीच त्यांची दर महिन्याची खात्रीची आवक. बाकी मग कुणाच्या घरी शेंगा फोडायला बोलावले तर दोन पैसे मिळतात. पासबुक माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, माजी पगार कुणी थांबवली? मी कुणाचं काय वाकडं केलंय?"

आमच्याकडे या अनुदानाला कोणी अनुदान म्हणत नाही, पगारच म्हणतात. पासबुकात पाच महिन्यांची जागा कोरी होती. मी ते दोनदा उलटून पाहिले. 'कुणी थांबवली' याचे उत्तर मला देता आले नाही आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण छापताना कापायची वेळ आली तर माझ्याविषयीचा मजकूर कापा, आक्कांचा ठेवा.

मी महसूल खात्यात ३१ वर्षे नोकरी केली. २०१९ मध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची आठ वर्षे सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तहसील कचेरीत संजय गांधी शाखेत होतो. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एका कचेरीचा नाही. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, इंदिरा गांधी वृद्धापकाळ, विधवा, दिव्यांग अशा सगळ्या योजनांचे कागद त्या एकाच टेबलावर येतात. निराधार योजना १९८० मधली. मी असताना महिन्याला ६०० रुपये मिळायचे, माझ्या निवृत्तीच्या वर्षी १००० झाले, २०२३ मध्ये १५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५००. रक्कम वाढली याचा आनंद आहे. पण दिव्यांग सोडले तर बाकीच्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांचीच राहिली. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. इतक्या गरिबाने मिळवायची ही मदत आहे, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे अशी विनंती.

कागदाचा जमाना सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. मी तो आतून पाहिला आहे. निधी जिल्ह्यावरून तहसीलला यायचा, मग आम्ही गावनिहाय आणि बँकनिहाय याद्या करायचो, धनादेश लिहायचो, शाखेत पोहोचवायचो. एखादा धनादेश शाखाधिकाऱ्याच्या खणात पंधरा दिवस पडून राहायचा. निधीच वेळेवर आला नाही तर तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम यायचे. मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक लागायची नाही आणि अर्जांचे गठ्ठे कपाटावर चढायचे. कचेरीच्या दारातल्या झाडाखाली दलाल बसलेले असायचे. एका म्हातारीकडून पहिल्या दोन महिन्यांचा पगार ठरवून घेताना मी स्वतः ऐकले आहे आणि त्याला तिथून हाकलले आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. डिसेंबर २०२४ पासून सरकारच्या डीबीटी (थेट लाभ हस्तांतर) पोर्टलवरून पैसे थेट खात्यात जायला लागले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. मधल्या चार टेबलांवर पैसे अडकणे थांबले. हे काम योग्यच झाले, यात मला शंका नाही.

पण त्या जुन्या नोंदवहीत एक गोष्ट होती, ती नव्या पद्धतीत आलीच नाही. शेवटचा रकाना. शेरा.

लाल कापडी बांधणीच्या त्या नोंदवहीत अनुक्रमांक, नाव, गाव, वय, मंजुरीची तारीख, बँक, खाते क्रमांक आणि सगळ्यांत उजवीकडे चार बोटे रुंद कोरी जागा. तलाठी हयातीचा तपास करून आला की त्याने सांगितलेले मी तिथे लिहायचो. "लेकीकडे मिरजेस, पाडव्याला परत." "अंगठा उठत नाही, पोलिस पाटलांनी समक्ष ओळखले." "नावात फरक, माहेरचे नाव बँकेत, व्यक्ती एकच." "अंथरुणास खिळून, रक्कम सुनेने न्यावी, तहसीलदार मान्य." "ऊसतोडीस गेला, टोळी एप्रिलात येईल." तहसीलदार त्या शेऱ्याखाली आडवी सही करायचे आणि विषय मिटायचा. शेरा खोटा निघाला तर ज्याने दिला त्याला जाब विचारता यायचा, कारण खाली नाव आणि तारीख असायची.

मग याद्या संगणकावर घ्यायचा आदेश आला. आमच्या शाखेत एक संगणक आणि टंकलेखन येणारा मी. बँकेला यादी इंग्रजी अक्षरांत लागायची, म्हणून हजारो नावे मी इंग्रजीत टाइप केली. संध्याकाळी वीज असेपर्यंत बसायचो. वरून आलेल्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. मी वरिष्ठांना विचारले होते, तेव्हा "तेवढं सोडून द्या, नाव आणि खातं बरोबर घ्या" असे उत्तर मिळाले. मी सोडून दिले. त्या दिवशी हजारो माणसांबद्दल गावाला जे ठाऊक होते ते सरकारच्या हिशेबातून निघून गेले. माझ्या हातून निघून गेले.

आणि नावे तरी बरोबर घेतली का? विठाबाई लिहिताना 'व' ला कधी व्ही, कधी डब्ल्यू. 'ठ' लिहिताना 'टी'च्या मागे 'एच' एकदा लागला, एकदा राहिला. कुणाच्या नावापुढे 'बाई' जोडून लिहिले, कुणाचे तोडून. वडिलांचे नाव मधे टाकायचे की नवऱ्याचे, ते अर्जदाराने फॉर्म भरताना काय सांगितले त्यावर. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हते, कारण बँकेतला कारकून माणूस ओळखून पैसे द्यायचा. पुढे आधारची नोंदणी दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या कानाला ऐकू आले तसे लिहून केली. आता पोर्टल माझे स्पेलिंग आणि त्याचे स्पेलिंग समोरासमोर ठेवते, फरक दिसला की नोंद बाजूला काढते. आज माझ्या तालुक्यात नाव जुळत नाही म्हणून अडकलेल्या प्रकरणांपैकी काही माझ्या बोटांनी केलेली आहेत. हे मी जाहीर लिहितो आहे, कारण त्याची शिक्षा त्या बायका भोगत आहेत.

आक्कांची गोष्ट मात्र नावाची नव्हती. ती नीट सांगतो.

त्या आधी एकट्या बँकेत गेल्या. गावापासून तालुका १८ किलोमीटर. सकाळच्या एसटीला अर्धे तिकीट लागते, पण परतीला दुपारची गाडी नाही, मग वडापने, म्हणजे खासगी जीपने, यावे लागते. बँकेने पासबुक छापून दिले आणि सांगितले, पैसे आलेच नाहीत, तहसीलला विचारा. पुढच्या आठवड्यात त्या कचेरीत गेल्या. तिथल्या मुलाने संगणकात पाहून सांगितले, पैसे दर महिन्याला गेलेले आहेत, बँकेत विचारा. तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणाले केवायसी राहिली असेल. एका केंद्रावर त्यांनी १०० रुपये दिले, अंगठा पाच वेळा लावला, उमटला नाही. आयुष्यभर खुरपे धरलेल्या हाताच्या रेषा त्या काचेला दिसत नाहीत. केंद्रवाल्याने सांगितले, लिंबू चोळून उद्या या. चौथ्या खेपेला मी बरोबर गेलो.

मी कचेरीतल्या त्या मुलाशेजारी उभे राहून स्क्रीन पाहिला. तो खोटे बोलत नव्हता. आक्कांच्या नावापुढे पाचही महिने रक्कम अदा झाल्याचे दिसत होते. बँकही खोटे बोलत नव्हती. दोघांचे संगणक बरोबर होते आणि आक्कांच्या घरात पाच महिने पैसा नव्हता. उधारीवर दुकानदार थांबला होता, रक्तदाबाच्या गोळ्या त्या एकाआड एक दिवस घेत होत्या.

उलगडा आमच्या ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालक मुलीने केला. तिने आक्कांचा आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते तपासायला घेतले. त्यासाठी ओटीपी लागतो आणि आक्कांच्या आधारला नंबर त्यांच्या पुतण्याचा. तो चाकणला कंपनीत. जेवणाच्या सुटीत त्याने फोन उचलला आणि आकडे सांगितले. स्क्रीनवर दुसऱ्याच बँकेचे नाव आले. सात महिन्यांपूर्वी गावात एक शिबिर झाले होते. विम्याचा फॉर्म आहे म्हणून समाजमंदिरात बायकांचे अंगठे घेतले. त्यात आक्कांचे नवे खाते उघडले गेले आणि आधार त्याला जोडला गेला. आता अनुदान खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जाते. आणि आधारवर पाठवलेला पैसा एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत सगळ्यांत शेवटी जी बँक जोडली असेल तिकडे जातो. आक्कांना या खात्याचे ना पासबुक मिळाले, ना कार्ड. पैसे तिथे साचत होते.

एकाही माणसाने लाच मागितली नाही. एकाने मुद्दाम त्रास दिला नाही. आक्कांनी विचारलेल्या 'कुणी'चे उत्तर 'कुणीच नाही' असे आहे आणि हेच मला सगळ्यांत भयंकर वाटते. माझ्या काळात पगार थांबला तर थांबवणारा मी असायचो, टेबलापुढे उभे राहून मला शिवी देता यायची. दिल्या आहेत लोकांनी. त्यानंतर मी वही काढायचो.

कचेरीतल्या स्क्रीनवर रक्कम गेल्याचे जसे दिसते, तसे ती कोणत्या बँकेत गेली तेही ठळक दिसले असते, तर पहिल्याच खेपेला आक्कांना पत्ता लागला असता. असा एक रकाना वाढवायला किती खर्च येतो?

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या वाडीतली. ८० च्या पुढचे एक आजोबा, दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही, बाजेवरून उठत नाहीत. हयातीची पडताळणी आता मोबाइलमधल्या ॲपवर चेहरा दाखवून करतात. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, तरुण आणि मनमिळाऊ पोरगा आहे. तो स्वतः त्यांच्या घरी गेला, हे मला आवर्जून लिहायचे आहे, कारण तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. मी तिथे होतो. मोबाइल म्हणतो, चेहरा चौकटीत आणा. आजोबांची मान थरथरते. मोबाइल म्हणतो, डोळे मिचकवा. आजोबांच्या डोळ्यांत फुले पडलेली आणि पापण्या अर्ध्या मिटलेल्या. सून मागून डोके धरते, नातू बॅटरी मारतो, रेंजसाठी बाज अंगणात ओढली. पाऊण तास झाला. शेवटी आजोबा म्हणाले, "आरं, मी जित्ता हाय ह्ये तुला दिसतंय न्हवं?" तो पोरगा गुडघ्यावर बसलेला होता. म्हणाला, "आजोबा, मला दिसतंय. ह्याला दिसत न्हाई." आणि त्याचे डोळे भरून आले.

सरकारने नेमलेला, शिक्का बाळगणारा अधिकारी तीन फुटांवर बसून माणूस जिवंत असल्याचे पाहतो आणि ते कुठेही नोंदवू शकत नाही. माझ्या वहीत ते चार शब्दांचे काम होते. "समक्ष पाहिले. हयात. दृष्टिहीन."

माझी स्वतःची हयात कशी सिद्ध होते, तेही सांगतो. दर नोव्हेंबरात मी बँकेत जातो. कोषागाराची यादी शाखेत आलेली असते, त्यात माझ्या नावापुढे सही करतो. दोन मिनिटे लागतात. घरबसल्या करायचे असेल तर २०१४ पासून जीवन प्रमाणची सोय आहे, पण ती न जमल्यास सही आहेच. माझे निवृत्तिवेतन आक्कांच्या पगाराच्या कितीतरी पट आहे आणि माझ्यावर सरकारचा विश्वास एका सहीएवढा आहे. आक्कांनी आणि त्या आजोबांनी मात्र यंत्राला पटेपर्यंत थांबायचे. हा फरक मला बोचतो. त्या दोघांनी सरकारला माझ्यापेक्षा कमी दिले असे मला वाटत नाही. आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी केंद्रावर खडी फोडलेली आहे. आमच्या भागातले रस्ते त्या खडीचे आहेत.

असे म्हणतील की नियमच तसा, काय करणार. नियम तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात अनुदानासाठी आधार मागण्याची मुभा कायम ठेवली, पण ओळख पटवण्याचे यंत्र चुकले म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. त्याच्या आधी ऑक्टोबर २०१७ मध्ये खुद्द आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून सांगितले होते की ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्या आणि अशा प्रकरणांची वेगळी नोंदवही ठेवा. नोंदवही! म्हणजे ज्यांनी हे यंत्र उभे केले त्यांनाही शेऱ्याच्या रकान्याची गरज कळली होती. ती दिल्लीच्या परिपत्रकात आहे, तालुक्याच्या टेबलावर पोहोचलेली नाही.

२०२५ च्या शेवटी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत तेच घडले. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्या बाईचा नवरा गेला आणि बापही गेला, तिने काय टाकायचे? गावोगाव बायका रडकुंडीला आल्या. मग मुदत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असे ठरले. शेवटी माणसाकडेच यावे लागले. ते आधीच का सुचू नये? विधवा बाई ही काही महाराष्ट्रात अपवादाने सापडणारी गोष्ट नाही. तिच्यासाठी तर वेगळी निवृत्तिवेतन योजना आहे.

अंगणवाडी सेविकांचे नाव निघाले म्हणून थोडे त्यांच्याविषयी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट होते आणि रोजची माहिती भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होते. तेव्हा काहींनी त्यांना कामचुकार म्हटले. ज्या बाईने वीस वर्षे अकरा-अकरा रजिस्टरे हाताने भरली तिला कामचुकार म्हणणारे लोक पाहून मला संताप आला होता. आता पूरक आहार द्यायलाही चेहरा जुळवावा लागतो. तिला मूल नावानिशी ठाऊक, आई ठाऊक, बाळंतपण कोणत्या रात्री झाले ते ठाऊक. आमच्या ग्रामपंचायतीतल्या त्या परिचालक मुलीचेही तेच. २०११ मध्ये ग्रामपंचायतींत संग्राम ही संगणक केंद्रे सुरू झाली, पुढे त्यांना आपले सरकार सेवा केंद्र म्हणू लागले. नाव बदलले, पण परिचालकांचे तुटपुंजे मानधन आणि त्याच्यासाठी होणारी आंदोलने संपली नाहीत. आक्कांचे पैसे कुठे गेले हे जिने शोधले, तिला तसे शोधण्याचा कोणताही अधिकार दिलेला नाही. तिने ते माणुसकीने केले. लोकांना मदत पोहोचवण्याच्या सगळ्या रचनेत गावपातळीवरची ही तीन माणसे, महसूल अधिकारी, सेविका आणि परिचालक, सर्वांत जास्त जाणतात आणि त्यांच्याच हातात काही ठेवलेले नाही.

म्हणून माझी मागणी आहे. कोणाचाही पगार थांबवण्याआधी त्याच्या दारात माणूस गेला पाहिजे. संदेश पाठवला म्हणू नका. आक्कांचा संदेश चाकणला जातो. कोतवाल, ज्याला आता महसूल सेवक म्हणतात, तो गावात आहे. त्याच्या हाती मराठीतली एक चिठ्ठी द्या. त्यात कारण लिहा: नाव जुळत नाही, की बँक बदलली, की हयात झाली नाही. कुठे जायचे आणि कोणाला भेटायचे ते लिहा. ती चिठ्ठी पोहोचल्याची सही किंवा अंगठा आल्याशिवाय पोर्टलवर नाव थांबवण्याची कळच दाबली जाऊ नये. आणि पोर्टलवर शेऱ्याचा रकाना द्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी, तारखेनिशी लिहावे: समक्ष पाहिले, हयात. चेहरा जुळला नाही तरी तो शेरा पुरेसा मानून पगार चालू राहावा. कोणी खोटा शेरा दिला तर त्याच्यावर कारवाई करायला नाव आणि तारीख आहेच. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे जातील ही भीती मला समजते, मी अशी प्रकरणे पकडलेली आहेत. ती वहीत पकडली, गावात जाऊन पकडली.

पगार चुकून थांबला असेल तर थांबल्या महिन्यापासूनची सगळी बाकी एकरकमी मिळाली पाहिजे. पगार पुन्हा सुरू होतो तो पुढच्या महिन्यापासून आणि मागचे "बघू" असे आमच्याकडे अनेकांना सांगितले गेले. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर अपील करता येते. थांबलेला पगार सुरू करण्यालाही त्याच २०१५ च्या कायद्याखाली मुदत आणि अपील द्या.

घरी येऊन आधार दुरुस्त करण्याची सोय आहे, पण तिला ७०० रुपये पडतात. ते जवळजवळ अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढे होतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या गावात गेल्या वर्षी त्यातून भिंतीचे घड्याळ आणि स्टीलचे डबे वाटले. त्या पैशातून अंथरुणावरच्या माणसांसाठी यंत्र घरी आणले असते तर त्याचा उपयोग झाला असता. सरपंचांना मी हे तोंडावर सांगितले आहे. त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणून शब्द दिला.

आक्कांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्या दुसऱ्या बँकेची शाखा आमच्या तालुक्यात नाही, शेजारच्या तालुक्यात आहे. आम्ही दोघे तिथे गेलो. तिथल्या बाईंनी आक्कांना खुर्ची दिली, पाणी दिले. पाच महिन्यांचे ७५०० रुपये खात्यात होते. अंगठा याही वेळी उमटला नाही. तेव्हा त्या बाईंनी शाखाधिकाऱ्यांना बोलावले, त्यांनी मला ओळखपत्र मागितले, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि रक्कम दिली. आक्कांनी नोटा तीन वेळा मोजल्या आणि पदराला गाठ मारली. परत येताना वडापात त्या म्हणाल्या, "आता परत जाणार न्हाई न्हवं दुसरीकडं?" आधार जुन्या बँकेला पुन्हा जोडण्याचा अर्ज दिला आहे. त्याची पोच माझ्याजवळ आहे.

वाडीच्या आजोबांचा पगार हे पत्र लिहीपर्यंत सुरू झालेला नाही.

मी तहसीलदारांना एक अर्ज दिला आहे. नावे जुळत नसलेल्यांची यादी मला द्यावी. मी आठवड्यातले तीन दिवस कचेरीत येऊन, एक पैसा न घेता, गावोगावच्या जुन्या नोंदवह्यांशी ती ताडून देईन. त्या लाल वह्या अभिलेख कक्षात मागच्या भिंतीच्या मांडणीवर, खालून दुसऱ्या फळीवर आहेत. मीच ठेवल्या होत्या. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे, उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून,
जिल्हा सांगली